डीएनए अपलोड करायच्या आधी घरच्यांना विचारलंत का?

मार्च २०२५ मध्ये ट्वेंटी-थ्री-अँड-मी ही अमेरिकेतली डीएनए टेस्टिंग कंपनी दिवाळखोरीत गेली आणि तिकडच्या आपल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वादाला तोंड फुटलं. त्याच्या दोनच दिवस आधी कॅलिफोर्नियाच्या ॲटर्नी जनरलनी लोकांना जाहीरपणे सांगितलं होतं की तुमचा डेटा डिलीट करून घेता येतो, थुंकीचा नमुनाही नष्ट करायला सांगता येतो, तसं करायचा विचार करा. माझी निम्मी आते-मामे-चुलत भावंडं तिकडेच आहेत, त्यामुळे हा सगळा वाद मलाही इथे बसून वाचायला मिळाला. एका बाजूचे म्हणत होते डिलीट करा, आत्ताच्या आत्ता करा, उद्या कुठली परदेशी कंपनी विकत घेईल, विमावाले घेतील. दुसऱ्या बाजूचे म्हणत होते घेऊ दे की, माझ्याकडे लपवण्यासारखं आहेच काय, माझा डेटा आहे, मी बघून घेईन. दोन्हीकडची माणसं शिकलेली, विचार करणारी, आणि तरी दोन्ही बाजू एकच गोष्ट गृहीत धरून भांडत होत्या, ती म्हणजे हा ज्याचा त्याचा वैयक्तिक निर्णय आहे. माझा आक्षेप त्या गृहीतकालाच आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. डीएनए टेस्ट करून घेणं ही तुमची खाजगी बाब आहे, मान्य. पण त्या टेस्टची फाईल उतरवून घेऊन वंशावळीच्या उघड्या वेबसाईटवर चढवणं ही तुमच्या एकट्याची बाब नाहीये. त्यात तुमचे आईवडील, सख्खी भावंडं, मुलं आणि तुम्ही कधी बघितलेही नाहीत असे कितीतरी नातेवाईक ओढले जातात. म्हणून जवळच्या माणसांना सांगितल्या-विचारल्याशिवाय अपलोड करू नये, आणि ज्यांना कुणी विचारलंच नाही त्यांना कायद्याने काहीतरी उभं राहायला जागा द्यायला पाहिजे. अपलोड करूच नका असं मी म्हणत नाहीये. काही लोकांना ते करावंच लागतं, आणि त्यांच्याबद्दल मी पुढे सविस्तर लिहिणार आहे कारण माझ्या म्हणण्याला खरी अडचण तिथेच येते.

आधी ही फाईल असते कशी ते बघू, कारण वाद घालणाऱ्या बहुतेकांनी ती कधी उघडून बघितलेली नसते. कंपनीच्या साईटवरून झिप उतरवायची, उघडली की आत एक साधी टेक्स्ट फाईल असते, नोटपॅडमध्येसुद्धा उघडते. वर काही ओळी सूचनांच्या, मग खाली ओळीच ओळी, बहुतेक ओळींत आधी आरएस ने सुरू होणारा एक नंबर, मग गुणसूत्र कितवं, त्यावरची जागा, आणि शेवटी दोन अक्षरं, एए किंवा एजी किंवा सीटी असं काहीतरी. अशा सहा-सात लाख ओळी. नाव नाही, पत्ता नाही, फोटो नाही. बघून वाटतं यात काय आहे. पण त्या दोन अक्षरांतलं एक आईकडून आलेलं असतं आणि एक वडिलांकडून, म्हणजे जवळजवळ प्रत्येक ओळीत तुमच्या सोबत आणखी दोन माणसं हजर आहेतच, आणि त्यांच्यामागे त्यांचे आईवडील.

जेडमॅचसारखी साईट या फायली एकमेकींशी ताडून बघते. फ्लोरिडातले कर्टिस रॉजर्स आणि टेक्सासचे जॉन ऑल्सन या दोघांनी २०१० मध्ये ती सुरू केली, हेतू चांगला होता, वेगवेगळ्या कंपन्यांकडून टेस्ट केलेल्या लोकांना आपले नातेवाईक शोधता यावेत. किती लांबीचे तुकडे जुळतात ते सेंटीमॉर्गन या मापात मोजतात. आईबाप आणि मूल यांच्यात ३४०० च्या आसपास, सख्ख्या भावंडांत २६०० च्या आसपास, सख्ख्या चुलत किंवा मावस भावंडांत साडेआठशेच्या आगेमागे, आणि ज्यांचे खापरपणजोबा एक अशा लोकांत सरासरी सत्तर-पंचाहत्तर. ही शेवटची माणसं आपल्याला लग्नकार्यातसुद्धा भेटत नाहीत, पण मशीनला ती बहुतेक वेळा सापडतात. २०१८ मध्ये सायन्स या नियतकालिकात एक अभ्यास आला होता, १२ लाख ८० हजार लोकांचा डेटा तपासून त्यांनी दाखवलं की युरोपीय वंशाच्या साधारण ६० टक्के अमेरिकन लोकांना त्या साठ्यात खापरपणजोबा एक असलेला किंवा त्याहून जवळचा कुणीतरी सापडेल. त्या ६० टक्क्यांतल्या बहुतेकांनी स्वतः कुठेही काहीही दिलेलं नव्हतं.

आपल्या लोकांना हे सामाईक सातबाऱ्यावरून चटकन कळेल. एकत्र कुटुंबाच्या जमिनीतला आपला अविभक्त हिस्सा विकायचा अधिकार आपल्याकडे माणसाला आहे, पण या बांधापासून त्या बांधापर्यंतचा तुकडा माझा म्हणून परस्पर दाखवून विकता येत नाही, आधी वाटणी मागावी लागते. इथे तर वाटणी करायचीच सोय नाही. बहिणीशी जुळणारा निम्माशिम्मा भाग वगळून उरलेला माझा मी चढवतो असं करता येतं का? मग "माझा डेटा" म्हणून सह्या ठोकायचा हक्क आला कुठून?

आता समोरच्यांचा सगळ्यात मजबूत मुद्दा घेऊ. गुन्हेगार पकडले जातात, हे खोटं नाहीये आणि ते झटकून टाकणाऱ्यांचा मला राग येतो. जोसेफ जेम्स डीअँजेलो हा एकेकाळचा पोलीस, त्याने १९७४ ते १९८६ या काळात कॅलिफोर्नियात १३ खून आणि पन्नासेक बलात्कार केले आणि पुढची तीस-बत्तीस वर्षं तो निवांत राहिला. तपास करणाऱ्यांनी जुन्या नमुन्यातला डीएनए जेडमॅचवर टाकला, लांबचे नातेवाईक सापडले, त्यांच्यावरून वंशावळी उभ्या केल्या आणि एप्रिल २०१८ मध्ये त्याला उचलला, तेव्हा तो ७२ वर्षांचा होता. २०२० मध्ये त्याने गुन्हे कबूल केले, जन्मठेप झाली. ज्या बायका चाळीस वर्षं दाराला दोन-दोन कड्या लावून झोपल्या त्यांना तुम्ही प्रायव्हसीवर भाषण देणार का? मी नाही देणार. त्यानंतर या पद्धतीने शेकडो केसेस सुटल्या, बेवारस म्हणून पुरलेल्यांना नावं मिळाली.

पण गुन्हेगार सापडतात एवढ्यावर वाद संपत नाही, आणि हे समजायला आयडाहो फॉल्स या गावातली एक केस पुरेशी आहे. १९९६ मध्ये तिथे अठरा वर्षांच्या मुलीचा तिच्याच घरात खून झाला. पोलिसांनी एका तरुणाला धरलं, तासन्‌तास चौकशी करून कबुलीजबाब घेतला, डीएनए त्याच्याशी जुळत नसूनही १९९८ मध्ये त्याला शिक्षा झाली. डीएनए ज्याचा तो माणूस मात्र सापडेना. २०१४ मध्ये पोलिसांनी वंशावळीच्या एका जुन्या डेटाबेसमध्ये शोध घेतला, तिथे वडिलांकडून मुलाकडे जाणाऱ्या गुणसूत्रावरच्या ३५ पैकी ३४ खुणा जुळणारी नोंद सापडली. नाव कळायला कोर्टाचा आदेश आणला. ती नोंद होती एका म्हाताऱ्या होत चाललेल्या गृहस्थाची, ज्यांनी काही वर्षांपूर्वी चर्चच्या ओळखीतून एका वंशावळ प्रकल्पाला सद्‌हेतूने नमुना दिला होता. त्यांचं वय काही जुळेना म्हणून पोलीस वळले त्यांच्या मुलाकडे. मुलगा न्यू ऑर्लीन्समध्ये छोट्या फिल्म करायचा, त्यात खुनाबिनाचे विषय, आयडाहोतही तो कधीतरी जाऊन आलेला, झालं, सगळं बसलं. त्याला चौकशीला नेलं, गालातून बोळा फिरवून नमुना घेतला आणि मग महिनाभर तो माणूस आपण खुनाचे संशयित आहोत हे डोक्यात घेऊन जगला. शेवटी जुळलं नाही. नमुना बापाने दिला होता, पोलिसांच्या खोलीत बसला मुलगा. त्याला कुणी विचारलं होतं?

आणि याच केसचा दुसरा भाग तितकाच खरा आहे. २०१९ मध्ये जेडमॅचवरच्या फायलींवरून खरा आरोपी सापडला, खुनाच्या वेळी तो मुलीच्या घरासमोरच राहायचा, त्याने कबुलीही दिली, आणि वीसेक वर्षं तुरुंगात काढलेल्या त्या पहिल्या तरुणाला कोर्टाने निर्दोष ठरवलं. त्याच्या सुटकेसाठी मारल्या गेलेल्या मुलीची आईच वर्षानुवर्षं भांडली होती. म्हणजे एकाच खुनात या पद्धतीने एका निरपराध्याला गोवलं आणि एका निरपराध्याला सोडवलं. मग हे तंत्रज्ञान चांगलं की वाईट यावर रात्र रात्र भांडून काय मिळणार? कुणी, कुणाच्या परवानगीने, कोणत्या नियमाखाली वापरायचं, भांडायचं तर यावर भांडा. मेरीलँड राज्याने २०२१ मध्ये कायदा केला, गंभीर गुन्ह्यांपुरतंच, न्यायाधीशाच्या परवानगीने, आणि संशयित नसलेल्या नातेवाइकाचा नमुना हवा असेल तर त्याला नीट समजावून त्याची संमती घेऊन. त्याने गुन्हेगारांची सुटका झाली नाही.

"लपवण्यासारखं काही नाही" या वाक्याबद्दल थोडं. हे वाक्य बोलणारा माणूस अपलोड करताना जे नियम असतात तेच कायम राहतील असं धरून चालतो. जेडमॅचचंच बघा. त्यांचा नियम होता की पोलिसांना फक्त खून आणि लैंगिक अत्याचाराच्या तपासासाठी शोध घेता येईल. २०१८ मध्ये युटा राज्यात चर्चमध्ये एकटीने ऑर्गन वाजवत बसलेल्या ७१ वर्षांच्या बाईंवर हल्ला झाला, गुन्हा त्या दोन्हीत बसत नव्हता, तरी साईटच्या मालकाने अपवाद केला आणि एक १७ वर्षांचा मुलगा पकडला गेला. लोक चिडले, मग मे २०१९ मध्ये नियम बदलला, जो स्वतः हो म्हणेल त्याचीच फाईल पोलिसांना दिसेल. पण त्याच वर्षी फ्लोरिडातल्या एका न्यायाधीशाने वॉरंट काढून नाही म्हणणाऱ्यांसकट सगळा डेटाबेस तपासायला परवानगी दिली. डिसेंबर २०१९ मध्ये साईट व्हेरोजेन या फॉरेन्सिक कंपनीला विकली गेली. जुलै २०२० मध्ये हॅकरांनी आत शिरून सगळ्यांच्या सेटिंग बदलल्या आणि काही तास प्रत्येक फाईल पोलिसांच्या शोधाला उघडी राहिली. जानेवारी २०२३ मध्ये व्हेरोजेनच क्वायाजेन या दुसऱ्या कंपनीने विकत घेतली. मी २०१५ साली दोन हौशी माणसांच्या साईटवर फाईल टाकली असती तर आठ वर्षांत तिचे मालक दोनदा बदलले असते, नियम तीनदा, आणि मी मात्र एकदाच क्लिक केलेलं. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, क्रेडिट कार्ड गेलं तर दुसरं मिळतं, इथे बदलून काय बदलणार?

ट्वेंटी-थ्री-अँड-मी ची २०२३ मधली चोरी तर माझ्या मुद्द्याचा जिवंत पुरावा आहे. चोरांनी दुसरीकडून मिळालेले जुने पासवर्ड वापरून साधारण १४ हजार खाती उघडली. फक्त १४ हजार. आणि माहिती गेली किती जणांची, तर सुमारे ६९ लाख लोकांची. कारण त्या खात्यांतून "डीएनए नातेवाईक" या सोयीमुळे इतरांचे तपशील दिसत होते. ६९ लाखांपैकी बहुतेकांचे पासवर्ड चांगले असतील, त्यांनी सगळी काळजी घेतलीही असेल, पण त्यांच्या लांबच्या कुठल्यातरी भावाने घेतली नाही. आणि चोरांनी विकायला ठेवलेल्या याद्या कशा होत्या? अश्केनाझी, म्हणजे युरोपातल्या ज्यू वंशाच्या लोकांची वेगळी, चिनी वंशाच्या लोकांची वेगळी. वंशावरून याद्या. दिवाळखोरीनंतर जून २०२५ मध्ये ही कंपनी तिच्या जुन्या प्रमुख ॲन वोजिस्की यांच्याच ना-नफा संस्थेने ३० कोटी ५० लाख डॉलरला घ्यायचं ठरलं, त्याआधी रिजेनेरॉन या औषध कंपनीने २५ कोटी ६० लाखांची बोली लावली होती. दीड कोटी माणसांचा डीएनए लिलावात उभा होता, आणि ती दीड कोटी म्हणजे फक्त थुंकी पाठवणारे, त्यांची भावंडं यात धरलेलीच नाहीत.

वंशाच्या याद्या म्हटलं की आपल्याला, निदान मराठी माणसाला, लांब जायची गरज नाही. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आणला आणि पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. पारधी, कैकाडी, मांग-गारुडी अशा जमातीत जन्माला आलं एवढ्यावर माणूस संशयित, हजेरी द्यायची, परवानगीशिवाय हलायचं नाही. सोलापूरला तारेच्या कुंपणाआड मोठी सेटलमेंट होती, पिढ्या तिथे वाढल्या. देश १९४७ ला मोकळा झाला, ही माणसं ३१ ऑगस्ट १९५२ ला. तेव्हा डीएनए नव्हता, एक रजिस्टर पुरलं. कुणी म्हणेल की ते परकं सरकार होतं, आताचं तसं नाही. पण पारध्यांच्या वस्तीवर आजही आसपास चोरी झाली की पहिली धाड कुठे पडते ते ग्रामीण महाराष्ट्रात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. आणि २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्यानुसार अटक झालेल्यांचे जैविक नमुने आणि त्यांचं विश्लेषणही घेता येतं, नोंद ७५ वर्षं ठेवता येते. ज्या जमातीतली माणसं जास्त वेळा उचलली जातात त्यांचेच नमुने जास्त साठणार, आणि एक नमुना म्हणजे अख्खं कुटुंब. घरातला एक पोरगा एकदा संशयावरून आत गेला की त्याच्या बहिणीच्या मुलांपर्यंतचे लोक त्या यादीत न नोंदवता नोंदले जातात.

दुसरं उदाहरण कोकणातलं. रायगडच्या किनाऱ्यावर शेकडो वर्षं तेलाचे घाणे चालवणारे बेने इस्रायल, शनिवारी घाणा बंद म्हणून त्यांना शनवार तेली म्हणायचे. मराठी बोलणारी ही माणसं १९४८ नंतर इस्रायलला गेली आणि साठच्या दशकात तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या लग्नाआधी पिढ्यान्‌पिढ्यांची वंशशुद्धी तपासायचा आदेश काढला. आपल्याच देशात आलो म्हणून आनंदाने गेलेल्या लोकांना आजीच्या आजीचा पुरावा मागितला गेला. १९६४ मध्ये त्यांनी जेरुसलेममध्ये आंदोलन केलं तेव्हा कुठे तो आदेश बदलला. त्याच इस्रायलमध्ये २००० सालच्या कायद्यानुसार नातं ठरवणारी जनुकीय चाचणी कोर्टाच्या आदेशाशिवाय करता येत नाही. वंश तपासला की कुणाच्या लग्नावर, कुणाच्या मुलांवर काय परिणाम होतो हे ज्या समाजाला माहितीये त्याने तिथे दार लावून घेतलंय. फ्रान्समध्ये तर अशी हौसेची टेस्ट करणाऱ्याला ३७५० युरोपर्यंत दंड आहे. मला फ्रान्सएवढं कडक नकोय, पण "जगात सगळे करतात" हे खरं नाही एवढं तरी मान्य करा.

इथे एक आक्षेप नेहमी येतो की आपल्याकडे वंशावळी तर पूर्वीपासून लिहितात. त्र्यंबकेश्वरला, नाशिकला तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत, आजोबांच्या सहीची ओळ वाचून माणसाचे डोळे भरून येतात, कोल्हापूरकडे हेळवी येऊन पिढ्यांची नावं म्हणून दाखवतात, कुलवृत्तांत छापले जातात, मग डीएनएचंच एवढं काय? फरक असा की त्या वहीत घरच्यांनी सांगितलं तेवढंच येतं. जे घराला सांगायचं नव्हतं ते आलं नाही. त्यात अन्यायही झाला, लेकीसुनांची नावं गाळली गेली, कुणाला घराबाहेर टाकलं तर वहीतूनही टाकलं, ते मी चांगलं म्हणत नाही. पण फाईल कुणाला विचारत नाही. दोन भाऊ हौसेने टेस्ट करतात आणि २६०० च्या जागी १७०० आकडा येतो, म्हणजे आईबापांपैकी एकच सामाईक. त्या क्षणी ७५ वर्षांच्या आईला, जिने पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट मनात पुरून संसार केला, तिला जेवणाच्या टेबलावर उत्तर द्यायला बसवलं जातं. तिच्यावर तेव्हा काय गुदरलं होतं, तिची मर्जी होती का बळजबरी, हे त्या आकड्यात नसतं. खरं कळायला पाहिजे असं म्हणणारे असतील, पण तिला निदान आधी विचारलं असतंत तर ती स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या शब्दांत सांगू शकली असती, किंवा नको म्हणू शकली असती.

आता ती अडचण. १९६०-७० च्या दशकांपासून भारतातून हजारो मुलं स्वीडन, नेदरलँड्स, डेन्मार्क, बेल्जियम, अमेरिका अशा देशांत दत्तक गेली, त्यात पुण्या-मुंबईच्या संस्थांमधून गेलेली पुष्कळ. नियम नीट नव्हते, १९८४ मध्ये लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सुप्रीम कोर्टाने घालून दिले तेव्हा थोडी शिस्त आली. ती मुलं आता चाळिशी-पन्नाशीत आहेत. काहींच्या कागदांवर आईच्या नावाची जागा कोरी आहे, काहींच्या कागदांवर जे लिहिलंय ते खरं नाही. असा माणूस संस्थेत चकरा मारतो, फाईल जळली, पुरात गेली अशी उत्तरं ऐकतो, आणि शेवटी थुंकी पाठवतो कारण त्याच्याजवळ दुसरा कागदच नाही. त्याला मी म्हणणार का की नातेवाइकांना विचारून अपलोड कर? नातेवाईक कोण हेच तर त्याला माहीत नाही.

मी खूप विचार केला यावर आणि मला वाटतं त्याचा हक्क आपल्या हौसेपेक्षा मोठा आहे, त्याने अपलोड करावं. आपण किती टक्के मध्य आशियाई हे बघायला, आर-वन-ए हा बापाकडून येणारा जनुकीय गट निघाला म्हणून आमचे पूर्वज अमुक असं मिरवायला फाईल चढवणारा आणि आई कोण हे शोधणारा, दोघांना एकाच तराजूत घालणं हा अन्याय आहे. पण त्याच्या बाबतीतही दुसऱ्या टोकाला एक बाई आहे हे विसरून चालणार नाही. साताऱ्या-बीडकडच्या कुठल्यातरी खेड्यातली, तेव्हा लग्न न झालेली अठरा-एकोणीस वर्षांची, आता नातवंडं असलेली. आपल्या दत्तक नियमांनी यावर विचार केलाय, मुलाला मूळ शोधायचा हक्क आहे, आणि जन्मदात्यांनी नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर संस्थेने किंवा बालकल्याण समितीने आधी त्यांची संमती घ्यायची आहे. म्हणजे मध्ये कुणीतरी जबाबदार माणूस आहे, जो आधी त्या बाईशी एकटीशी बोलेल. वेबसाईटवर असा मध्यस्थ नाही. तिथे पहिला मेसेज जातो तो बहुधा तिच्या भाच्याला, ज्याने न्यू जर्सीत बसून मजेत टेस्ट केलेली असते, आणि तो तो स्क्रीनशॉट फॅमिली ग्रुपवर टाकतो. दत्तक गेलेल्या माणसाचं यात काहीही चुकलेलं नसतं. चुकतो तो भाचा, ज्याने विचार न करता फाईल टाकली आणि विचार न करता फॉरवर्ड केलं. माझं म्हणणं त्या भाच्यासाठी आहे.

तिकडे केलेल्या टेस्टने इकडचे लोक उघडे पडतात, हे आपल्या बाबतीत जास्तच खरं आहे. आपण शतकानुशतकं जातीत लग्नं केलीत, काही जाती तर पाच-पंचवीस हजारांच्या. २०१७ मध्ये आलेल्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासात दक्षिण आशियातल्या कितीतरी समूहांमध्ये हा आतल्या आत राहण्याचा परिणाम अश्केनाझी ज्यू किंवा फिनलंडच्या फिन लोकांपेक्षाही जास्त दिसला. अशा समूहातल्या थोड्याच लोकांच्या फायली असल्या तरी बाकीच्यांपर्यंत पोचता येतं. आणि उलटही होतं, सगळेच सगळ्यांशी थोडे थोडे जुळत असल्याने नातं असतं त्यापेक्षा जवळचं दिसतं आणि भलत्याच घरावर बोट जातं. नावावरून जात ओळखणारा समाज आहे आपला, त्याला लाळेवरून ओळखायचं साधन हातात देताना जरा तरी थांबायला नको का?

काहीजण, विशेषतः मैत्रिणी, मला म्हणतात की घरच्यांना विचारा हे तुझं म्हणणं आपल्या समाजात धोक्याचं आहे. इथे मुलीला शिकायला, नोकरीला, लग्नाला, सगळ्याला घरच्यांची परवानगी, आता स्वतःच्या शरीराच्या टेस्टलाही? हा आक्षेप मला फार महत्त्वाचा वाटतो. एखादीच्या आईला, मावशीला स्तनाचा कॅन्सर झाला असेल आणि तिला बीआरसीए जनुकाची तपासणी करायची असेल तर तिने कुणालाही विचारू नये, सरळ डॉक्टरकडे जाऊन करावी. तो रिपोर्ट तिच्या आणि डॉक्टरच्या मध्ये राहतो, त्यावरून परका माणूस तिच्या भावाला शोधू शकत नाही. मी बोलतोय ते उघड्या साईटवर फाईल टाकण्याबद्दल, आणि तिथेही नकाराधिकार कुणाला द्यावा असं नाही. बापाने नाही म्हटलं म्हणून संपलं असं नको. त्याला कळू दे, त्याचं कारण ऐकून घ्या, मग ठरवा. शे-दोनशे चुलत भावंडांच्या सह्या गोळा करा असंही मी म्हणत नाहीये, ते कुणालाच शक्य नाही. आईवडील, सख्खी भावंडं, सज्ञान मुलं, यांच्याशी एकेक फोन. त्यापलीकडच्यांसाठी कायदा हवा.

आणि कायदा असं करू शकतो, हे आईसलँडने दाखवलंय. तिथे १९९८ मध्ये अख्ख्या देशाच्या आरोग्य नोंदींचा साठा करायचा कायदा झाला होता. एका तरुण मुलीने आपल्या वारलेल्या वडिलांच्या नोंदी त्यात घालायला हरकत घेतली. सरकारी उत्तर होतं की त्या नोंदी तुझ्या नाहीत. नोव्हेंबर २००३ मध्ये तिथलं सुप्रीम कोर्ट म्हणालं की वडिलांच्या वतीने ती बोलू शकत नाही, पण त्यांच्या माहितीवरून तिच्या आनुवंशिक गुणांचा अंदाज बांधता येतो, म्हणून तिचा स्वतःचा हितसंबंध यात आहे आणि तिला हरकत घेता येते. आपल्याकडे २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, पण २०२३ चा डिजिटल डेटा संरक्षण कायदा एकट्या व्यक्तीला धरून चालतो, जनुकीय माहितीचा वेगळा वर्गसुद्धा त्यात नाही. पोलिसांच्या डीएनए साठ्याबद्दलचं २०१९ चं विधेयक २०२३ मध्ये मागे घेतलं, नवीन काही आलं नाही. म्हणजे उद्या माझ्या भावाने फाईल चढवली आणि त्यावरून मला काही भोगावं लागलं तर मी दाद मागायला गेल्यावर पहिला प्रश्न हाच येणार की डेटा कुणाचा? भावाचा. मग तुम्ही कोण? या प्रश्नाला उत्तर देणारं एक कलम हवंय, की ज्याच्याबद्दल या फाईलवरून निश्चित काही कळतं अशा जवळच्या नातेवाइकालाही ती काढून टाकायची मागणी करता येईल, आणि पोलिसांना शोध घ्यायचा असेल तर गंभीर गुन्हा आणि न्यायाधीशाची लेखी परवानगी या दोन गोष्टी लागतील.

तोपर्यंत, ज्यांच्याकडे किट आलंय किंवा दिवाळीला कुणाला भेट द्यायचा विचार आहे त्यांना एवढंच सांगणं की टेस्ट करा हवी तर, पण फाईल उतरवून दुसऱ्या साईटवर टाकायच्या आधी तो फोन करा. नातेवाईक जुळवायची सोय बंद करून ठेवता येते, ती आधी बंद करा, लागेल तेव्हा उघडता येईल. खरं नाव टाकायची गरज नाही. आणि लहान मुलांची थुंकी नळीत गोळा करून, त्यांच्या नावाची फाईल बनवून अपलोड करणारे आईबाप मी बघितलेत, ते मात्र अजिबात करू नका, ती मुलं अठरा वर्षांची झाली की त्यांचं ती ठरवतील.